गावाकडचा अठरा खणी माळवदी वाडा पाडायचं चाललंय. त्याला 'वारसा' म्हणता येईल का?

पांढरीवरचा

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. थोडं लांब होईल, सांभाळून घ्या.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या बाजूला. गावठाणात आमचा चौसोपी वाडा आहे, अठरा खणांचा. नव्या मंडळींसाठी सांगतो, आमच्याकडे घर चौरस फुटांत मोजत नाहीत. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. लग्न जमवतानाही "किती खणाचं घर आहे" असंच विचारायचे.

समोर दगडी जोतं, दिंडी दरवाजा, आत देवडी. मग चौक आणि चारी बाजूंनी सोपे. पश्चिमेच्या सोप्यामागं माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि बाळंतिणीची अंधारी खोली. माजघराच्या भिंतीत धान्याचं बळद आहे, चौकाच्या कोपऱ्यात पेव, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा आहे, आता तो दगड टाकून बुजवलाय. मागं परसात आड आणि गोठा. भिंती सव्वादोन हात रुंद, बाहेरून काळा दगड, आतून माती. वर माळवद, म्हणजे लाकडावर माती घातलेलं सपाट छत.

आजोबांना पाच मुलं. आज ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. गावात राहते ती फक्त माझी थोरली चुलती, वय ८१. दिवाळीत सगळे जमले तेव्हा ठरलं, लाकूड विकायचं, जागा सपाट करायची आणि हिस्से पाडायचे. आठवड्याभरात जुनं लाकूड घेणारा एक व्यापारी आला. प्रत्येक खांबावर बोटाच्या पेराने टकटक करून बघितलं, सागवानी खांब वेगळे काढले आणि त्यांच्यावर खडूने आकडे टाकून गेला. चुलती रोज दुपारी ओसरीत ज्या खांबाला टेकून बसते त्याच्यावर ९ नंबर पडलाय. ती काही बोलली नाही. फक्त मला विचारलं, "ह्यो नंबर कशाचा रे?"

तेव्हापासून झोप नीट नाही. पण नुसत्या मायेपोटी दहा जणांना अडवणं बरोबर नाही, हेही कळतं. म्हणून मनापासून विचारतोय. आमच्या वाड्यात कुणी थोर माणूस जन्मला नाही, कुठला राजा मुक्कामाला आला नाही. नक्षीही दरवाजाच्या गणेशपट्टीपुरतीच. अशा घराला वारसा म्हणतात का? का ते फक्त जुनं घर?

नमुना_आठ

कायद्याचं आधी सांगतो, म्हणजे तो विषय बाजूला होईल.

केंद्राचा १९५८ चा पुरातन स्मारकांचा कायदा किमान शंभर वर्षं जुन्या वास्तूंसाठी आहे. राज्याचा स्वतंत्र कायदा १९६० चा. पण नुसती शंभरी भरली म्हणून काही होत नाही. सरकारने अधिसूचना काढून संरक्षित म्हणून जाहीर करावं लागतं, आणि गावातल्या खासगी घरांच्या वाट्याला हे फार क्वचित येतं. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वारसा वास्तूंची यादी असते, श्रेणी एक, दोन, तीन अशी. गावठाणातल्या घरांना ते छत्र जवळजवळ नाही. म्हणजे कायद्याच्या बाजूने तुम्हाला कुणी अडवणार नाही, आणि वाचवायलाही कुणी येणार नाही.

स्वामित्व योजनेत (ही २०२० साली सुरू झाली) तुमच्या गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढून ठेवा. हिस्सेवाटणीला लागेलच. पण त्या नकाशात वाडा वरून दिसतो तेवढाच उमटतो, एक चौकट. आतले खण, बळद, पेव यांची नोंद कुठल्याही सरकारी कागदावर नाही. ती तुम्हालाच करावी लागेल.

चुनाघाणी

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करते. मराठवाड्यात बरीच वर्षं फिरले आहे. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर सरळ आहे: हो, हा वारसा आहे. आणि "थोर माणूस जन्मला नाही" हे त्याच्या विरुद्ध जात नाही.

खंडाळा तालुक्यातल्या नायगावचं उदाहरण घ्या. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म तिथला, ३ जानेवारी १८३१. लोक त्यांच्यासाठी तिथे जातात आणि जायलाच हवं. पण ते घर आहे पाटलाचं, शेतकऱ्याचं. नाव मोठं झालं म्हणून ते जपलं गेलं. त्याच्यासारखी शेकडो शेतकरी घरं त्या काळी उभी होती. ज्यांच्या घरात कुणी सावित्रीबाई जन्मली नाही ती घरं पडली, आणि त्यांच्याबरोबर त्या काळचा शेतकरी धान्य कुठे ठेवायचा, बाळंतीण कुठे निजायची, पाहुणा कुठवर यायचा, हे सगळं डोळ्यांनी बघायची सोय गेली.

तुमच्या घरातली खरी मोलाची गोष्ट नक्षी नाही, खण आहे. माळवदी घरात छताचा भार भिंतीवर नसतो, निदान मूळ पद्धतीत नसतो. खांब, खांबावर तुळई (मोठं आडवं लाकूड), तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या नाहीतर किलचा (लाकडाच्या चिरफळ्या), त्यावर पाला, मग चिखल आणि सर्वांत वर पांढरी माती. लाकडाचा हा सांगाडा आपल्या पायांवर उभा असतो. भिंत फक्त भोवती गुंडाळलेली. आधी सुतार येतो आणि मग गवंडी, असा तो क्रम. ही बांधायची एक पूर्ण रीत आहे आणि ती शिकवणारी पुस्तकं फारशी नाहीत. ती घरांतच लिहिलेली आहे. एक विनंती करते. खांब आणि तुळईचा सांधा जिथे बसतो तिथे विजेरी मारून बघा. सुतारांच्या खुणा असू शकतात, कुठला खांब कुठल्या तुळईखाली बसवायचा याच्या.

तेरणाकाठ_९३

मी सहसा अशा धाग्यांवर लिहीत नाही. पण माळवदाचं एवढं कौतुक वाचून गप्प बसवलं नाही.

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटं. मी बारा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून आलो होतो, अंगावर गुलाल तसाच होता. मी बाहेर ओट्यावर निजलो म्हणून वाचलो. आजी आणि धाकटी बहीण माजघरात होत्या. त्यांना दगडाने मारलं नाही, मातीने मारलं. वरची माती, तुमची ती पांढरी माती. काढता काढता दुपार झाली.

बावन्न गावं उठवून नव्या जागी बसवली. आठ-दहा हजार माणसं गेली. त्यातली बहुतेक अशाच घरांत निजलेली होती. त्यामुळे 'वारसा' म्हणताना हेही त्या वारशातच धरा. पांढरीवरचा दादा, तुमची चुलती त्या छताखाली झोपते. पाडायचं असेल तर पाडा, त्यात अपराध्यासारखं वाटून घेऊ नका.

पांढरीवरचा

दादा, तुमचं वाचून हात थांबले. ९३ ला आमच्या गावालाही हादरा बसला होता. उत्तरेच्या भिंतीला तेव्हा पडलेली भेग अजून आहे, तिच्यात हात जातो. चुलती त्या रात्रीपासून माजघरात झोपत नाही, देवडीत झोपते. हे मी आधीच लिहायला हवं होतं.

चुनाघाणी

तेरणाकाठ, तुम्ही लिहिलंत त्यापुढे माझं तांत्रिक बोलणं कोरडं वाटेल. तरी लिहिते, कारण ते त्याच रात्रीतून शिकलेलं आहे आणि पांढरीवरच्यांच्या चुलतीच्या जिवाशी त्याचा संबंध आहे.

भूकंपानंतर जी पाहणी झाली तिच्यात दोन दोष पुन्हा पुन्हा दिसले. पहिला भिंतीचा. दोन बाजूंना दगड आणि मधे माती-खडी भरलेली, पण दोन्ही बाजूंना धरून ठेवणारे आरपार दगड नाहीत. हादरा बसला की भिंत पोट काढते आणि उभी फाटते. दुसरा दोष छताचा, आणि त्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

माळवदावर दरवर्षी मृगाच्या आधी नवी माती टाकतात, गळू नये म्हणून. जुनी कुणी काढत नाही. मूळ बांधताना ती वीतभर असते. तीन पिढ्यांत हातभर होते, कुठे कुठे दोन फूट. एक खण पाच फूट बाय आठ फूट धरा आणि माती दीड फूट. एका खणावर अडीच टनांच्या वर वजन झालं. अठरा खणांचे जवळपास पन्नास टन. बांधणाऱ्या सुताराने हे वजन धरलेलंच नव्हतं. तुमचं घर घातक केलं ते मूळ बांधणीने कमी आणि नंतर चढत गेलेल्या मातीने जास्त.

म्हणून घर जपणं आणि माणूस जपणं या इथे दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. जास्तीची माती उतरवून मूळ जाडीवर आणायची, मधे पाणी अडवायला जाड प्लॅस्टिकचा कागद घालायचा. खांब-तुळईच्या सांध्यात तिरके टेकू द्यायचे. भिंतीत आरपार दगड नाहीतर सिमेंटचे बांध बसवायचे, उंचीला दर दोन फुटांवर आणि लांबीला दर चार फुटांवर. वरून सगळ्या भिंतींना बांधून घेणारा पट्टा. दगड-मातीच्या घरांसाठी भारतीय मानक १३८२८ आहे, तेही १९९३ चंच. आरपार दगड आणि पट्टा यांचे नियम त्यात आहेत. मात्र उत्तरेच्या भेगाळलेल्या भिंतीला माहितगार अभियंता बघेपर्यंत चुलतीला त्या बाजूला फिरकू देऊ नका. ती भिंत कदाचित उतरवूनच पुन्हा रचावी लागेल.

तेरणाकाठ_९३

रात्री उशिरा पुन्हा आलोय.

ताई, तुम्ही सांगाड्याचं लिहिलंत ते वाचून एक गोष्ट आठवली. तीस वर्षं ती डोळ्यांसमोर आहे, पण तिचा अर्थ मी कधी लावला नव्हता. त्या सकाळी उजाडल्यावर आमच्या गल्लीत भिंत म्हणून उरली नव्हती. पण पाटलांच्या वाड्याचे खांब उभे होते. भिंती चारी बाजूंना बाहेर पडल्या होत्या आणि मधे खांब, तुळया तशाच. आमचं घर साधं होतं, पाच खणांतले तीन बाबांनी खांब काढून भिंतीवर घेतले होते, लाकूड बहिणीच्या... थोरल्या बहिणीच्या लग्नात विकलं होतं म्हणून.

पुनर्वसनात घर मिळालं, पक्कं. त्याचे उपकार आहेत. पण रांगेतली ती घरं, मधे हे रुंद रस्ते, समोरासमोर बसायला ओटा नाही. आईने पहिल्याच वर्षी पुढे पत्र्याचं शेड टाकलं आणि त्याला ओसरी म्हणायला लागली. ती शेवटपर्यंत तिथेच बसायची.

माती उतरवा. बाकी काही करा न करा, हे पावसाळ्याआधी करा.

औशाची_सून

मी अशा वाड्यात २२ वर्षं नांदले. मला बाईच्या अंगाने सांगायचंय.

वारसा म्हटलं की सगळे दरवाजा आणि खांबाचे फोटो काढतात. स्वयंपाकघराचा कुणी काढत नाही. माझ्या स्वयंपाकघराला उजेड म्हणून माळवदातलं एक सानं, वीतभर भोक. त्यातूनच धूर जायचा, त्यातूनच ऊन यायचं. ऊन चुलीच्या वैलावर आलं की सासूबाई म्हणायच्या, शेतावर भाकरी न्यायची वेळ झाली. पाऊस आला की वर पळत जाऊन त्याच्यावर पाटी झाकायची, ते काम नव्या सुनेचं. ओल्या माळवदावर घसरून माझा हात मोडलाय.

बळदाचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भिंतीला लागून कप्पा असतो, खालून वरपर्यंत. सुगीत ज्वारी माळवदावर चढवून वरच्या तोंडातून आत ओततात. खाली वीतभर बोळकं, त्याला फडक्याचा बोळा. लागेल तशी पायली-दोन पायली काढायची. ओतताना राख आणि लिंबाचा पाला थराथराने टाकायचा, मग किडा लागत नाही. ही राख किती, पाला ओला का सुका, हे फक्त बायकांना ठाऊक असायचं. माझ्या सासूबाई गेल्या आणि मला ते अर्धंच माहीत राहिलं.

पेव उघडतानाही लगेच कुणाला आत उतरू देत नसत. आधी कंदील सोडायचा. विझला तर वाट बघायची. पेवात उतरून गुदमरलेली माणसं आमच्या पंचक्रोशीत होती.

दादा, तुमच्या चुलतीला खांबाबद्दल विचारू नका, ती काय सांगणार. तिला विचारा पहिल्या वर्षी तिला कोणतं काम दिलं होतं आणि कुठे बसून. फोनवर बोलणं टिपून घ्या. खांब अजून शंभर वर्षं राहील, तिचं वय ८१ आहे.

पाथरवटाचा_नातू

चर्चा चांगली चालली आहे. एक बाजू राहतेय म्हणून लिहितो.

माझे आजोबा आणि त्यांचे भाऊ दगड घडवायचे. आमच्या भागातल्या चार-पाच वाड्यांची जोती त्यांच्या हातची आहेत. काळा दगड छिन्नीने असा सरळ करायचे की सांध्यात सुपारीचं कात्रण जाऊ नये. त्यातल्या एकाही वाड्याच्या देवडीच्या पुढे ते कधी गेले नाहीत. बांधताना आतबाहेर सगळीकडे हात लागायचा. वास्तुशांत झाली की त्याच माणसाला पाणी वरून ओतायचे.

मी हे राग धरून लिहीत नाही. घराची नोंद करणार असाल तर तीही करा, एवढंच म्हणणं. कोण कुठवर येत होतं, कोण कुठे बसत होतं, कुणाला भाकरी कुठे मिळत होती. वाडा हा गावाचा नकाशा आहे. तो नीट काढला तर आमच्या आजोबांची जागाही त्यात येईल.

पांढरीवरचा

तुमचं शब्दन् शब्द पटलं. आमच्या देवडीत डाव्या हाताला बाहेरून एक कोनाडा आहे. त्यात लहानपणी एक कान तुटलेला कप आणि बशी असायची. आम्हा पोरांना त्याला हात लावायची बंदी होती. ती कुणासाठी आहे हे कळायच्या आधीच मी गाव सोडलं. कप कधीच गेला, कोनाडा आहे. तो मी नकाशात काढीन आणि त्याच्यापुढे कशासाठी होता ते लिहीन.

जोतं कुणी घडवलं हे घरात कुणालाच सांगता येत नाही. पेव कुणी खणलं, दरवाजा कुठल्या सुताराने केला, तेही नाही. पैसे कुणी दिले ते मात्र पणजोबांपर्यंत सगळ्यांना पाठ आहे.

मोडीवाचक

कागद आहेत का घरात? देवघराच्या वरच्या फळीवर, फडताळात, कुठे लाल किंवा पांढऱ्या फडक्यात बांधलेली गाठोडी? त्याला रुमाल म्हणतात. वाडा पाडताना सर्वांत आधी जळतात ते हेच.

वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे, कृष्णेच्या घाटावर. लोक घाट आणि वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघून परततात. पण इतिहासाच्या अभ्यासात मेणवलीचं नाव आहे ते तिथल्या दप्तरामुळे. इतिहासकार वि. का. राजवाडे तर गावोगाव लोकांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत हिंडले आणि त्यातून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे खंड छापत गेले. त्यांना जे मिळालं ते साध्या घरांतूनही मिळालं.

तुमचा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणजे मोडीबरोबर उर्दू कागदही असतील, निजामाच्या हाली रुपयांत हिशेब असतील. वाचता येत नाही म्हणून टाकू नका. लॅमिनेशन अजिबात करू नका. दसऱ्याला पूजेत ठेवून हळदकुंकू वाहतात, तेही थांबवा, त्याने कागद खराब होतो. उन्हात नको, सावलीत उलगडून वरून फोटो काढा, आणि कुठला कागद कुठल्या रुमालात होता तो क्रम मोडू नका.

कौलारू

मी कोकणातला, चिऱ्याच्या घरातला. माळवद कधी जवळून पाहिलं नाही. पण गोठ्यावर काय आहे? पत्रा का कौल? कौल असेल तर उलटं करून शिक्का बघा.

पांढरीवरचा

गोठ्याच्या अर्ध्या भागावर मंगलोरी कौलं आहेत. चुलतभावाने फोटो पाठवलाय. बासेल मिशनचं नाव आणि १८६५ असं दिसतंय. म्हणजे गोठा १८६५ चा?

कौलारू

नाही. ही चूक फार जण करतात, म्हणून मुद्दाम विचारलं. १८६५ हे कारखाना सुरू झाल्याचं साल. बासेल मिशनने मंगळूरला कारखाना काढला तेव्हाचं, ते पुढे वर्षानुवर्षं साच्यात राहिलं. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे कारखाने दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि शिक्क्यावरचं नाव बदललं. त्यामुळे 'बासेल मिशन' असेल तर कौल साधारण त्या युद्धाच्या आधीचं किंवा त्या सुमाराचं धरायचं.

नमुना_आठ

यात भर. बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली १९११ साली. तुमच्या गावात मंगळुरी कौल बैलगाडीने घाट चढून आलं असेल असं वाटत नाही, रेल्वेनंच आलं असणार. म्हणजे गोठ्याचं छप्पर १९११ ते १९२० च्या दरम्यानचं असावं. आणि गोठा वाड्याच्या नंतर बांधला असेल तर वाडा त्याच्या मागे जातो. पांढरीवरचा, तुमच्या वाड्याला एक तारीख मिळाली. गोठ्याची भिंत वाड्याच्या भिंतीत गुंफलेली आहे का नुसती टेकवलेली, एवढं बघा. टेकवलेली असेल तर गोठा नंतरचा.

विकून_बसलेला

आम्ही बारा वर्षांपूर्वी विकला. खांब, तुळया, दरवाजा, सगळा. प्रत्येक हिश्शाला आलेल्या रकमेत मी एक दुचाकी घेतली, ती पण आता नाही. मागच्या वर्षी एका हायवेवरच्या हॉटेलात जेवायला थांबलो तर समोर आमचा दरवाजा. बिजागरीजवळ मी लहानपणी खिळ्याने कोरलेलं आडनावाचं पहिलं अक्षर होतं. मुलगी म्हणाली, बाबा, हा घराला कुठे होता? मला कागदावर काढून दाखवता आलं नाही. दरवाजा आठवतो, पण त्याच्यामागून किती पावलांवर चौक होता ते आठवत नाही.

विकायचाच असेल तर आधी मोजा. प्रत्येक खोली, प्रत्येक खांब. एवढंच सांगायला आलो.

पांढरीवरचा

मंडळी, पाच आठवड्यांनी येतोय. काय काय झालं ते सांगतो.

कागद आणि टेप घेऊन आम्ही सहा जण गेलो, दोन पुतण्या धरून. दोन दिवस मोजणी केली. पाया ते तुळई, प्रत्येक खण, कोनाडे, बळदाची दोन्ही तोंडं, देवडीतला तो कोनाडा. चुनाघाणी ताईंनी सांगितल्याप्रमाणे सांध्यांवर विजेरी मारली. दक्षिण सोप्यातल्या सात खांबांच्या डोक्यावर छिन्नीच्या रेघा आहेत. एक, दोन, तीन अशा, आणि वरच्या तुळईवर बरोबर तेवढ्याच. लहान पुतणी शिडीवर चढून ओरडत होती, "जुळलं! हेही जुळलं!" गोठ्याची भिंत टेकवलेली आहे, आत बोट जातं.

रुमाल दोन निघाले. एक वाळवीने अर्धा खाल्लाय. मोडीवाचकांना फोटो पाठवले आहेत.

चुलतीला विचारलं पहिल्या वर्षी कुठलं काम दिलं होतं. ती म्हणाली, "बळदाचा बोळा धरायचं. ज्वारी वर वतायची तवा खालनं बोळा निसटू नाय म्हणून दोन्ही हातानं धरून बसायचं. चौदा वर्षाची हुते." मग बहात्तरच्या दुष्काळात पेवातली शेवटची ज्वारी कुणाकुणाला किती गेली ते नावांसकट सांगितलं. दीड तास बोलली. इतकी बोललेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

अकरांपैकी आठ जण आता राखायचं म्हणतायत. तिघांना पैसे हवेत आणि त्यांची गरज खरी आहे, एकाच्या घरी आजारपण आहे. त्यांचा हिस्सा आम्ही आठ जण मिळून तीन हप्त्यांत देणार. अभियंत्याने सांगितलं की उत्तरेचे चार खण वाचत नाहीत. ते उतरवणार, लाकूड वापरून बाकीच्या ठिकाणी टेकू आणि कड्या बदलणार. व्यापाऱ्याचा विसार परत केला.

आणि माती. गेल्या रविवारपासून माळवद उतरवतोय. तेरणाकाठ दादा स्वतः आले होते, पहिली पाटी त्यांनी भरली. कापलेल्या कडेला थर दिसतात, बोटभर, अर्धा बोट, मधे मधे काळपट रेघ. चुलती म्हणते, काळी रेघ म्हणजे ज्या वर्षी पांढरी मिळाली नाही आणि शेतातली टाकली. दक्षिण सोप्यावर सव्वा फूट भरली, माजघरावर एक फूट दहा इंच.

चाळताना खापराचे तुकडे निघतायत, काळे-तांबडे, पातळ. काल पुतण्याला पांढरा वाकडा तुकडा सापडला. बांगडीचा वाटतो, काचेचा नाही, शंखाचा असावा. आमच्याकडची पांढरी नदीकाठच्या जुन्या टेकाडावरून आणायचे. तेर इथून लांब नाही. तिथे अशाच टेकाडांतून सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्या, रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या आयुष्यभर जमवल्या आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आहे. तुकडे तिथे दाखवायला नेणार आहे.

तोवर माती टाकून द्यायची थांबवली आहे. चौकात ढीग केलाय, खणावार वेगळा, प्रत्येकावर पाटी लावलीय. बारीक चाळणी एकच आहे आणि माणसं कमी पडतायत. येत्या रविवारी लातूर-धाराशिव बाजूचं कुणी येऊ शकत असेल तर निरोप टाका. जेवण चुलतीकडे.

पाथरवटाचा_नातू

मी येतो. सोबत वडिलांना आणतो, जोतं बघून कुणाच्या हातचं आहे ते त्यांना सांगता येईल. चाळणी आमच्याकडे आहे.